बाई, तुमचं ऐकलं नाही ते बरं झालं

बाई, परवा तुम्हाला मातीत ठेवून आले आणि आज सकाळपासून मनातल्या मनात तुमच्याशी भांडतेय. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाशी भांडू नये. पण आपलं निम्मं बोलणं भांडणातच झालं. आता एकदम गोड बोलायला लागले तर तुम्हीच विचाराल, "मंगल, बरं वाटत नाही का तुला?"

तुमच्या शेजारच्या कमलताईंचा फोन आला तेव्हा माझ्या टेलिफोन बूथवर गर्दी होती. राजूरकडची गाडी सुटायची होती आणि माणसं घाईत होती. कमलताई एवढंच म्हणाल्या, "मंगल, बाई गेल्या गं. सकाळी गेल्या." मी "बरं" म्हणाले. त्या पलीकडे रडत होत्या आणि इकडे मी पुढच्या माणसाला पुण्याचा नंबर लावून देत होते. तो बोलून निघून गेल्यावर शटर ओढलं, पिशवी भरली, कुबड्या घेतल्या आणि स्टँडवर जाऊन उभी राहिले. कुणाला बरोबर घ्यावं हे मनातसुद्धा आलं नाही. संगमनेर मागे पडल्यावर ते लक्षात आलं आणि तेव्हा कुठं रडू फुटलं.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पाठीवर होते. दोन वर्षांची असताना उजव्या पायावरून पोलिओ गेला. तेव्हापासून दादांनी मला जमिनीला पाय लावू दिला नाही असं म्हटलं तरी चालेल. आमच्या गावातली वाट चढाची, भाताच्या खाचरांच्या बांधांवरून जाणारी. शाळेत पाठीवर, जत्रेला पाठीवर, आजारी पडले तर जीपपर्यंत पाठीवर. दहावीच्या पेपरलासुद्धा त्यांनी मला बाकावर बसवून मग वर्ग सोडला. तुम्ही हाडांच्या वॉर्डात सिस्टर होतात. तिथे माझ्या पायाचं ऑपरेशन झालं, लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर मिळाला, आणि घरी आल्यावर तो कॅलिपर खुंटीला लागला. दोन वर्षांनी तपासणीला आले तेव्हा तुम्ही त्याच्या कातड्याला हात लावून पाहिला. कातडं कोरं करकरीत होतं.

नंतर एकदा तुम्ही सांगितलं होतं, असे किती कोरे कॅलिपर तुम्ही पाहिले होते ते. डॉक्टर हाड सरळ करतात, बूटवाला बूट करून देतो, आणि मुलगी घरी जाऊन पुन्हा कोपऱ्यात बसते. निवृत्त झाल्यावर नगरजवळच्या केडगावातल्या तुमच्या तीन खोल्यांत तुम्ही अशा मुलींना ठेवून घ्यायला लागलात, एका वेळी एक, फार तर दोन. जेवायला तुमच्यासारखंच, राबायला तुमच्याइतकंच. पाटी नाही, संस्था नाही. कुणी विचारलं, "इथं काय शिकवता?" तर तुम्ही म्हणायचात, "काही नाही. राहतात."

त्या पहिल्या दिवशी दादा मला घेऊन रिक्षातून उतरले तेव्हा तुम्ही दारात उभ्या होता. फाटकापासून दारापर्यंत वीसेक पावलं असतील.

"खाली ठेवा तिला," तुम्ही म्हणालात.

"वाट खडबडीत हाय, बाई. पडंल ती."

"पडली तर उठेल. ठेवा खाली."

दादांनी मला ठेवलं. कुबड्या हातात दिल्या आणि तोंड फिरवून रस्त्याकडे बघत उभे राहिले. ती वीस पावलं चालायला मला किती वेळ लागला कोण जाणे. मध्ये एकदा पडलेच. तुम्ही दारातून हलला नाहीत. मी तुमच्या पायरीशी पोचले तेव्हा घामानं निथळत होते आणि माझ्या आयुष्यात मी कुणाचा इतका तिरस्कार केला नव्हता. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला ते माहीत असणार.

पहिला महिना तर मी रोज परत जायचा विचार करायचे. तुम्ही शिकवत काहीच नव्हता. सकाळी उठून विचारायचं, "बाई, काय करू?" तर तुम्ही म्हणायचात, "मला काय विचारतेस? भूक तुला लागली आहे." आणि कुंड्यांना पाणी घालायला निघून जायचात. मी आपली बसून. एक दिवस अकरा वाजेपर्यंत घरात चूल पेटली नाही. तुम्हीही उपाशी, मीही उपाशी. शेवटी मी स्टुलावर बसून पिठलं केलं. त्यात गुठळ्या इतक्या की भजी म्हणून खपली असती. तुम्ही दोनदा वाढून घेतलंत आणि म्हणालात, "वाईट झालंय. पण गरम आहे." एवढ्या वर्षांत माझं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. घरी मला कुणी वाईट म्हणतच नव्हतं. मी केलेलं काही वाईट व्हावं, एवढी कामंच मला कुणी दिली नव्हती.

मग बँकेत जाऊन पासबुक काढणं झालं. बसायला खुर्ची मागणं झालं. डॉक्टरांना स्वतःच्या पायाबद्दल स्वतः विचारणं झालं. ते तर मला सगळ्यात जड गेलं, कारण डॉक्टर सवयीनं माझ्याकडे न बघता तुमच्याकडे बघून बोलत आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत. शेवटी मीच म्हणाले, "डॉक्टर, पाय माझा आहे, मला सांगा." बाहेर आल्यावर तुम्ही मला कोपऱ्यावरच्या हॉटेलात नेऊन चहा पाजलात.

आणि मग तिसगाव. बाई, तिसगावचं भांडण आपलं मिटलं नाही ते नाहीच.

तुमची जुनी मुलगी चंद्रकला तिसगावात शिवणकाम करायची. तिच्याकडून तुमचे दोन झंपर आणायचे, एवढंच काम. मी एकटीनं जायचं आणि एकटीनं यायचं. जाताना काही झालं नाही, नगरहून गाडी रिकामीच निघाली होती. चंद्रकलेनं जेवू घातलं, झंपर दिले. येताना मात्र बाजार फुटलेला. गाडी आली की माणसं, पिशव्या, कोंबड्या, सगळं एकदम दारावर. मी चार पावलं पुढं होईपर्यंत घंटी वाजायची. एक गाडी गेली, दुसरी गेली. तिसऱ्या गाडीत पाय ठेवायला आणि कुणाचा तरी धक्का लागायला एकच गाठ पडली. मी खाली बसले ती धुळीतच बसले.

एक म्हातारबाबा जवळ आले. "पोरी, संगं कोन हाय तुझ्या?"

"कुणी नाही."

"आरं देवा! आन् असं एकटीला धाडलं? कसली मानसं म्हनायची!"

खरं सांगू? मलाही तेच वाटत होतं. कसली माणसं. तुम्हाला मनातल्या मनात मी जे जे म्हणाले ते इथं लिहिता येणार नाही. ऊन कलायला लागलं होतं. आणि चौथी गाडी आली तेव्हा, कुठून आवाज आला मला माहीत नाही, मी ओरडले. "कंडक्टर, मला चढायला वेळ लागतो. गाडी थांबवा!" बाजारातली माणसं वळून बघायला लागली. कंडक्टरनं दारातली गर्दी मागे सारली. दोघेजण मला उचलायला पुढे झाले. "उचलू नका," मी म्हणाले. "पिशवी तेवढी धरा." आणि मी चढले. एकेक पायरी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. म्हातारबाबांनी पिशवी वर दिली आणि आपणहून कंडक्टरला दरडावलं, "ती बसंस्तवर घंटी मारू नको!"

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. तुम्ही चुलीपुढे होता. मी झंपर फेकले आणि म्हणाले, "तीन गाड्या गेल्या माझ्या!"

"चौथी मिळाली ना?"

"तुम्ही सांगायचं होतंत, ओरडावं लागतं म्हणून!"

"सांगितलं असतं तर तू माझं वाक्य म्हणाली असतीस. आज तुझं म्हणालीस."

मला वाटलं होतं, तुम्ही कुठून तरी मागावर असाल, स्टँडच्या आडोशाला उभ्या राहून बघत असाल. मी तसं विचारलंही. तुम्ही म्हणालात, "नाही. घरीच होते. बघायला आले असते तर तू एकटी कशी?" ते खरं होतं. जेवायला बसलो तेव्हा आमटी तोंडात घालवत नव्हती, इतकं मीठ. दोनदा नाही, तीनदा पडलं असावं. आपण दोघींनी ती मुकाट्यानं खाल्ली.

तरी माझं म्हणणं अजून तेच आहे. एक शब्द सांगून ठेवला असता तर काही बिघडलं नसतं. पुढे जेव्हा जेव्हा भेटलो तेव्हा तेव्हा मी हे काढलं आणि तुम्ही तेच उत्तर दिलंत. आता तुमच्याकडून उत्तर येणार नाही, म्हणून माझं खरं झालं असं मी म्हणणार नाही. पण सोडूनही देणार नाही.

वर्षभरानं माझं पुढं काय, हा प्रश्न आला. तुमच्या मनात मी डी.एड. करावं असं होतं. तुम्ही फॉर्मसुद्धा आणून ठेवला होता. दादांच्या मनात मी गावी परत यावं असं होतं. घराच्या ओसरीत किराणा मालाचं दुकान घालून देणार होते. आणि मला कळलं होतं की अपंगांना टेलिफोनचे बूथ मिळतात. अर्ज मी स्वतः लिहिला, शिक्के स्वतः गोळा केले. कुणाला सांगितलं नाही. आमच्या तालुक्याच्या गावी, अकोल्याच्या स्टँडजवळ बूथ मंजूर झाल्याचं पत्र आलं तेव्हा दादा केडगावला आलेले होते. मी दोघांना समोर बसवून सांगितलं. बूथ घेणार. गावात नाही, अकोल्यात. आणि तिथंच खोली घेऊन एकटी राहणार.

एकाच वेळी तुम्ही दोघं माझ्यावर रागावलात. दादा म्हणाले, "घर असताना भाड्यानं? लोक काय म्हनतील? मी मेलो का?" आणि तुम्ही, बाई, तुम्ही म्हणालात, "एवढं चालायला शिकवलं ते खोक्यात बसायला?"

तो शब्द मला लागला. अजून लागतो. मी म्हणाले, "तुम्हीच म्हणायचात ना, भूक ज्याची त्यानं ठरवावं?" तुम्ही उठून आत गेलात. चार महिने पत्र नाही, निरोप नाही. मी दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. रोज बूथवर बसून दुनियेचे नंबर लावत होते. बँकेत नोकरी लागल्याचं आईला सांगणारा मुलगा, बाळंतीण सुखरूप असल्याचं कळवणारी सासू, धरणाकडे फिरायला आलेले मुंबईकर. ज्याला नंबर लावता येत नाही त्याला लावून द्यायचे, ज्याला बोलता येत नाही त्याला काय बोलायचं ते सुचवायचे. मला ते काम आवडायचं. आवडतं. खोका नाहीच तो बाई. तालुक्याची निम्मी सुखदुःखं माझ्या हातावरून जातात.

आणि एक दिवस मान वर केली तर रांगेत तुम्ही. पांढरी साडी, काखेत छत्री, नगरहून दोन गाड्या बदलून आलेल्या. मी उठायला लागले तर तुम्ही हातानंच बस म्हणालात. पुढच्या दोघांचं होईपर्यंत उभ्या राहिलात. मग आत येऊन कमलताईंचा नंबर लावायला सांगितलात. काचेचं दार तुम्ही मुद्दाम उघडं ठेवलं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"कमल, अकोल्याहून बोलतेय. मंगलच्या बूथवरून. हो, तिचाच. नाही, मी नाही करून दिला. मी तर नको म्हणत होते."

एवढंच. फोन ठेवून मला म्हणालात, "आवाज स्वच्छ येतो." मी शटर ओढलं आणि तुम्हाला खोलीवर घेऊन गेले.

योगायोगानं दादा तांदूळ घेऊन आले होते. तुम्ही दोघं माझ्या खोलीत, माझ्या चटईवर समोरासमोर बसलात आणि मी दोघांना माझ्या हातचा चहा दिला. तुम्ही खोली न्याहाळली. ओटा बसून हात पुरेल असा बुटका करून घेतला होता, दाराला आतून धरायला दांडा बसवला होता. दादांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "बाई, आपल्या दोघांचंबी ऐकलं न्हाई हिनं."

तुम्ही बशीतला चहा संपवलात. "मग शिकली म्हणायची," तुम्ही म्हणालात. आणि दादा हसले. बाई, माझ्या बापाला मी माझ्यावरून असं हसताना आधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर माझी काळजी असायची, माया असायची. त्या दिवशी अभिमान होता. तुमच्याही होता, पण तुम्ही तो छत्री शोधण्यात लपवलात.

आता शेवटचं. 

तुम्ही आजारी पडल्याचं कळलं तेव्हा मी बूथ बहिणीकडे सोपवून आठ दिवस केडगावला येऊन राहिले. तुम्हाला मोरीपर्यंत जाववत नव्हतं. मी हात पुढे केला की तुम्ही भिंत धरायचात. पाणी तापवून दिलं तर म्हणायचात, ठेव आणि बाहेर जा. सहाव्या दिवशी तुम्ही मोरीच्या दारात बसलात आणि तुम्हाला उठवेना, तरी मला हाक मारली नाहीत. मी चिडले. "बाई, हे स्वावलंबन नाही, हट्ट आहे. कुणाला तरी धरणं म्हणजे हरणं नव्हे."

"मला शिकवायला आलीस?"

"हो. तुमच्याकडे शिकून जे राहिलं ते तुम्हाला शिकवायला आले."

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मला आजही त्याचा अर्थ लावता येत नाही. रागावलात, की दमल्या होता, की पटलं होतं? दोन दिवसांनी मी निघाले. "जाते" म्हणाले, तुम्ही "जपून" म्हणालात. त्यानंतर कमलताईंचा तो फोन.

मला तुम्हाला सांगायचं होतं, की एकटीनं करता येणं आणि एकटं राहणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तुम्ही मला शिकवलीत आणि म्हणूनच दुसरीची मला भीती राहिली नाही. आता मी दादांचा हात धरते तो पडेन म्हणून नाही, आवडतो म्हणून. हे सांगायचं राहिलं. पण परवा कमलताई म्हणाल्या, शेवटच्या आठवड्यात तुम्ही तुमच्याकडच्या नव्या मुलीकडून, संगीताकडून, केस विंचरून घेत होता. रोज. बाई, खरं सांगते, आधी मला तिचा हेवा वाटला. मग वाटलं, म्हणजे माझं बोलणं तुम्ही ऐकलं होतंत. कबूल मात्र केलं नाहीत.

ही संगीता मी तोवर नीट पाहिलीच नव्हती. आठ दिवस मी तुमच्यातच होते, आणि ती सकाळीच बाहेर पडायची. पाथर्डीकडची, एकोणीस वर्षांची, कडबाकुट्टीच्या यंत्रात डावा हात मनगटापासून गेलेली. तुमच्याकडे येऊन तिला जेमतेम तीन महिने झालेले. तुमची शेवटची मुलगी.

परवा चर्चच्या कबरस्तानातून परत आल्यावर आम्ही जुन्या मुली तुमच्या स्वयंपाकघरात बसलो. तिसगावहून चंद्रकला आली होती, आणखी चौघी होत्या. तुमचा पुतण्या पुण्याचा. भला माणूस आहे, पण घर बंद करणार म्हणाला. मग संगीताचं काय, यावर आमची चर्चा सुरू झाली. अर्धवट राहिली बिचारी. चंद्रकला म्हणाली, माझ्याकडे शिवण शिकू दे. दुसरी म्हणाली, एका हातानं शिवण कसं? त्यापेक्षा मंगलकडे जाऊ दे, बूथवर बसेल. मी म्हणाले, हो, माझी खोली आहे, उद्याच नेते. संगीता एकेक कप आणून आमच्यापुढे ठेवत होती. शेवटचा कप ठेवून ती उभीच राहिली.

"ताई, मला तर कुनी इचारलंच न्हाई."

आम्ही सहाजणींनी कप खाली ठेवले. बाई, सहाही तुमच्या हाताखालून गेलेल्या, आणि सहाहीजणींनी एका पोरीला परस्पर वाटून घेतलं होतं.

"चुकलं आमचं," मी म्हणाले. "बोल."

तिनं सगळं आधीच केलं होतं. नगरला बालवाडीचा कोर्स चालू आहे तो ती सोडणार नाही. कमलताईंची मागची खोली तिनं मागितली आहे आणि त्यांनी दिली आहे. बापाला पत्र टाकलं आहे, न्यायला येऊ नका म्हणून. "तुमी समद्या मायेनं बोलताय, मला कळतंय," ती म्हणाली. "पन माझं ठरलंय." चंद्रकलेनं पदर तोंडाला लावला. ती रडतेय की हसतेय, मला कळेना. माझंही तेच चाललं होतं.

आणि तिला काही सगळं येतं असं नाही. रात्रीचा भात तिनं करपवला. रागावली की भांडी आपटते. अक्षर तर विचारू नका. तीन महिन्यांत तुम्ही तरी किती करणार?

काल सकाळी मी परत निघाले. कॅलिपरचे पट्टे आवळून, पिशवी गळ्यात अडकवून फाटकापर्यंत आले, तोवर संगीता घाईघाईनं बाहेर पडली. साडी नेटकी, केस ओले, बालवाडीत दाखवायच्या चित्रांची गुंडाळी काखेत. मला वाटलं, थांबेल, मला स्टँडपर्यंत सोबत करेल. निदान विचारेल तरी.

"ताई, तुमी सावकाश या," ती म्हणाली. "मला पोरांची घंटा गाठायचीय." आणि माझ्या पुढे निघून गेली.

मी फाटकाला टेकून पुणे रोडच्या वळणापर्यंत तिला बघत राहिले. बाई, काय ताठ चालते हो ती.